औषध लागू पडले आणि पेशी वाढल्या

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर 'इब्रुटिनिब' या औषधाच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा रुग्णांच्या मानेतील आणि काखेतील गाठी झपाट्याने लहान होत, पण त्याच काळात रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या मात्र वाढत जाई. एरवी असा अहवाल आजार बळावल्याचा पुरावा मानला गेला असता. प्रत्यक्षात लसिका ग्रंथींमध्ये, म्हणजे त्या सुजलेल्या गाठींमध्ये, ठाण मांडून बसलेल्या कर्करोगी बी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तिथून निसटून रक्तात येत होत्या.

त्यांना ग्रंथीत धरून ठेवणारी यंत्रणा निरोगी बी पेशींमध्येही असते. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने एरवी गुडघे दुमडून बसल्यासारखी असतात आणि त्या अवस्थेत त्यांची पकड ढिली असते. ग्रंथीतील आधारपेशींनी सोडलेले केमोकाइन, म्हणजे पेशींना आपल्याकडे खेचणारे रेणू, बी पेशीच्या ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटले, किंवा परके रेणू ओळखणाऱ्या तिच्या प्रतिजन-ग्राहीला चेतना मिळाली, की आत संदेशांची साखळी सुरू होते. तिच्यातील ब्रुटन टायरोसिन किनेज, म्हणजेच बीटीके, हे विकर (एन्झाइम) फॉस्फोलायपेज सी-गॅमा-२ या दुसऱ्या विकराला फॉस्फेट जोडून जागे करते. त्यातून पेशीतील कॅल्शियम वाढते, रॅप-१ हे प्रथिन कार्यरत होते आणि अखेर टॅलिन हे प्रथिन इंटिग्रिनच्या शेपटीला आतून चिकटून त्याला ताठ उभे करते. पेशी बाहेर कशाला धरणार, हे असे आतूनच ठरते, आणि मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

इब्रुटिनिब बीटीकेमधील ४८१व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाशी कायमचा बंध जोडून ते विकर निकामी करते. पकड सुटते आणि केमोकाइनच्या दिशेने सरकण्याची क्षमताही घटते, त्यामुळे रक्तात आलेल्या पेशीला ग्रंथीत परतणे अवघड होते. शिवाय तिला तगवून ठेवणारे आधारपेशींचे संदेशही तुटतात. तरीही सगळ्याच पेशी लगेच मरत नाहीत. काही रुग्णांत वाढलेली संख्या वर्षाहून अधिक काळ टिकते.

म्हणूनच २०१२ मध्ये उपचारांच्या प्रतिसादाचे निकष स्पष्ट करताना, अशा औषधांच्या बाबतीत केवळ लिम्फोसाइट वाढल्या म्हणून आजार वाढला असे धरू नये, असे तज्ज्ञांनी नमूद केले. अमेरिकेत या औषधाला नोव्हेंबर २०१३ मध्ये पहिली मान्यता मिळाली, ती मात्र मँटल सेल लिम्फोमा या बी पेशींच्याच दुसऱ्या कर्करोगासाठी. ल्युकेमियासाठीची मान्यता फेब्रुवारी २०१४ मध्ये आली.