खोक्यावरचा आकडा हरणाचा नसतो

शिकारीत लेझर झोतानं अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे स्वस्त लेझर रेंजफाइंडरच्या खोक्यावर ‘1000 यार्ड’ असं ठळक छापलेलं असतं. तो पल्ला मिळतो चकाकत्या पाटीवर, म्हणजे रस्त्याकडेच्या दिशाफलकासारख्या पृष्ठभागावर. त्याच यंत्राला झाड साधारण 600-700 यार्डांपर्यंत सापडतं आणि हरीण 400-500 च्या आसपास सुटायला लागतं. म्हणून माहितीपत्रकात ‘डिअर’ असा वेगळा आकडा आहे का ते आधी पाहावं. नसेल, तर मोठ्या आकड्याच्या निम्म्याहून कमीच धरून चालावं.

असं का होतं? यंत्र डोळ्यांना न दिसणारे, बहुधा 905 नॅनोमीटर तरंगलांबीचे स्पंद सोडतं आणि ते परत यायला लागणारा वेळ मोजतं. 300 मीटरवर जाऊन परतायला प्रकाशाला 2 मायक्रोसेकंद पुरतात. अंतर मीटरभर चुकू द्यायचं नसेल तर वेळ 6-7 नॅनोसेकंदांच्या आत पकडावी लागते. आजची स्वस्त यंत्रंही हे बरं जमवतात. अडतं ते परत येणाऱ्या प्रकाशापाशी. हरणाचं अंग प्रकाश सगळीकडे विखरून टाकतं, त्यातला कणभरच भिंगात परततो, आणि भर उन्हात त्या कणाला सूर्यप्रकाशाच्या गोंगाटातून निवडून काढावं लागतं. म्हणूनच एकच यंत्र ढगाळ संध्याकाळी लांबचं दाखवतं आणि दुपारी नुसत्या रेघा.

दुसरी भानगड झोताच्या फैलावाची. तो मिलिरेडियन या कोनाच्या बारीक एककात दिलेला असतो. 2 मिलिरेडियनचा झोत 400 मीटरवर 80 सेंटिमीटर पसरतो, आणि हरणाच्या धडाची उभी जाडी त्याच्या निम्म्यालाच असते. उरलेला प्रकाश पुढच्या गवतावर किंवा मागच्या टेकडीवर पडतो आणि यंत्र बिनदिक्कत त्यांचंच अंतर सांगतं. पल्ल्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा, असं माझं मत. नेमका तोच कित्येक माहितीपत्रकांत नसतो. समोर गवत किंवा फांद्या असतील तर सर्वांत दूरचं प्रतिबिंब निवडणारी सोय हवी. गोल्फची यंत्रं उलट वागतात: झेंड्याची काठी पकडण्यासाठी ती सर्वांत जवळची वस्तू निवडतात. स्वस्त मिळालं तरी शिकारीला ते घेऊ नये.

20 मीटरच्या चुकीनं काय बिघडतं? .308 सारख्या नेहमीच्या रायफलीची गोळी 200 मीटरच्या सुमारास तेवढ्यानं 4 सेंटिमीटर वर-खाली जाते, 400 च्या सुमारास 11. काळीज-फुफ्फुसाचा भाग जेमतेम 20-25 सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे मध्यावर धरलेला नेम पार कडेला जातो आणि जनावर जखमी होऊन पळतं. चढ-उतारावर कोन मोजणारं यंत्र घ्यावं. 30 अंशांच्या उतारावर तिरकं 400 मीटर अंतर आडवं मोजलं तर 346 भरतं, आणि नेम ढोबळमानानं त्या 346 वर बांधायचा असतो. यासाठी थोडे जादा पैसे मोजावेत. ब्लूटूथ आणि आतल्या बॅलिस्टिक गणितावर, म्हणजे गोळी किती खाली येईल याच्या हिशेबावर मात्र खुशाल काट मारावी. आपल्या काडतुसाचा, कुठल्या अंतरावर गोळी किती खाली येते ते सांगणारा तक्ता बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवला की भागतं.

काळ्या एलसीडी आकड्यांचं यंत्र स्वस्त पडतं, पण तिन्हीसांजेला गडद झाडीवर काळे आकडे वाचताच येत नाहीत. हरणं बाहेर पडतात ती नेमकी तेव्हाच. लाल उजळणारे आकडे असतील तर उत्तम, फक्त त्यांची चमक कमी करता यायला हवी. सहापट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते.

विकत घेतल्यावर एक तपासणी जरूर करावी. मोकळ्या आकाशासमोरचा, 100-150 मीटरवरचा एखादा खांब निवडा. यंत्र टेकवून, सतत मोजणारा ‘स्कॅन’ चालू ठेवून खूणचक्र (दुर्बिणीतली नेम धरायची गोल खूण) सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवा आणि आकडा कुठे उमटला, कुठे गेला ते पाहा. खांब चक्राच्या मधोमध येण्याच्या कितीतरी आधी आकडा आला आणि मध्यावर येताच गेला, तर झोत चक्राच्या एका बाजूला सरकलेला आहे. वर-खालचा फरक छपराच्या आडव्या कडेवर असाच कळतो. फरक थोडा असेल तर तो लक्षात ठेवून नेम धरता येतो. चक्राबाहेर असेल तर यंत्र परत करावं.

हात थरथरला तर चांगलं यंत्रही टेकडीच मोजतं, त्यामुळे तळाशी तिपाईचा आटा असलेलं बरं. प्रत्येक हरणावर तीनदा मोजावं. दोन आकडे जुळले आणि तिसरा फार लांबचा आला, तर तो बहुतेक मागच्या उताराचा. धुक्यात आणि बर्फात झोत वाटेतच परततो, तिथे उपाय नाही. थंडीत सीआर2 बॅटरी ढेपाळते, तेव्हा जादाची अंगाजवळच्या खिशात ठेवावी. आणि निघण्याआधी एकक पाहावं: 400 यार्ड म्हणजे 366 मीटर, आणि तक्ता मीटरचा असेल तर एवढ्यानंच नेम चुकतो.