चित्तविकृती आणि दैनंदिन कार्यक्षमता

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) आणि तत्सम चित्तविकृती, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारे मानसिक आजार, असलेल्या व्यक्तीला स्वतःची निगा राखणे, माणसांत वावरणे, व्यवहार समजून घेणे आणि नोकरी, शेती, घरकाम किंवा शिक्षण निभावणे कितपत जमते, याला दैनंदिन कार्यक्षमता म्हणतात. डॉक्टर आधी भास आणि भ्रम किती आहेत हे विचारतात. घरच्यांना मात्र काळजी असते ती हा उठून आंघोळ करील का, कामाला लागेल का, याची. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत.

कानात येणारे आवाज, लोक आपल्या वाईटावर टपले आहेत ही खात्री, ही लक्षणे औषधांनी बऱ्याच जणांत ओसरतात. मागे उरते ते फारसे नजरेत भरत नाही. पुढाकार आटतो, बोलणे तुटक होते, कशातच रस वाटेनासा होतो. यांना नकारात्मक लक्षणे म्हणतात, पण घरात त्याचे नाव बहुधा ‘आळस’ असते. त्याच्या जोडीला लक्ष, स्मृती आणि विचारांचा वेग मंदावतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी १९९६ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले, की माणूस समाजात किती सावरतो याचा संबंध भास-भ्रमांपेक्षा या बोधनिक क्षमतांशी अधिक आहे.

किराणा दुकानात मदतीला उभा राहिलेला तरुण घ्या. गिऱ्हाईक एका दमात पाव किलो रवा, अर्धा किलो गूळ आणि दोन साबण सांगते. रव्याची पुडी बांधून होईपर्यंत गूळ डोक्यातून गेलेला असतो, आणि तेवढ्यात दुसरे कोणी सुट्टे मागते. त्याला भास एकही होत नसतो, तरी तासाभरात तो थकून मागच्या खोलीत जाऊन बसतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा, आवाजातला अर्थ ओळखणेही अवघड जाते. मालक सहज ‘बघू नंतर’ म्हणाला, तर तो नकार वाटतो. चहाच्या टेबलावरचे हसू आपल्यावरच असल्यासारखे वाटते. त्यातच रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी नऊपर्यंत उतरत नाही किंवा हात थरथरतो. म्हणून गोळ्या सोडाव्यात, तर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. उलट बाजूही आहे. आवाज पूर्णपणे कधीच न थांबलेली, तरीही वर्षानुवर्षे नोकरी करणारी माणसे आहेत.

क्षमता असणे आणि ती वापरली जाणे यांतही फरक करावा लागतो. चाचणीच्या खोलीत फोन लावणे, बिलाची बेरीज करणे, खरेदीची यादी बनवणे नीट जमलेली व्यक्ती घरी यांतले काहीच करत नाही, असे नेहमी दिसते. कारण दर वेळी आजारातच असते असे नाही. ‘तू राहू दे, आम्ही बघतो’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य दहा वर्षे ऐकले, की हातात पैसे घेऊन बाजारात जायची सवयच मोडते.

मोजमापासाठी भारतात ‘आयडियाज’ (इंडियन डिसॅबिलिटी इव्हॅल्युएशन अँड असेसमेंट स्केल) ही मानसिक आजारातले अपंगत्व मोजणारी मापनश्रेणी इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने तयार केली आणि २००२ साली केंद्र सरकारने ती अधिसूचित केली. तिच्यात स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात, त्यांत आजार किती वर्षांचा आहे याचे गुण मिळवले जातात. गुण जितके जास्त, तितके अपंगत्व अधिक. २० पैकी ७ गुण झाले, की ४० टक्के अपंगत्व धरले जाते. ‘काम’ या बाबीत नोकरीबरोबर घरकाम आणि शिक्षणही मोजले जाते, ही या श्रेणीची जमेची बाजू. एरवी ‘ती घरीच तर असते’ म्हणून बाईची घसरण कोणाच्या लक्षातच येत नाही. निदानाच्या पातळीवर जागतिक एकमत नाही: डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेत स्किझोफ्रेनियासाठी कार्यक्षमता घटणे ही अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणात नाही.

आग्रा आणि चंदीगड या केंद्रांचा समावेश असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासांतून विकसनशील देशांतले रुग्ण अधिक चांगले सावरतात असे चित्र पुढे आले आणि ते फार काळ निर्विवाद मानले गेले. २००८ मध्ये कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि गुरेजे या संशोधकांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. तरी एक गोष्ट खरी: घरची शेती, घरचे दुकान जिथे आहे, तिथे अर्धे काम करणाऱ्यालाही जागा मिळते. १९८०च्या दशकात चेन्नईत सुरू झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात बहुसंख्य पुरुष काहीतरी काम करताना आढळले. संयुक्त कुटुंबाचे गोडवे गाताना रुग्णाला सांभाळण्याचा भार बहुधा आईच्या किंवा वहिनीच्या वाट्याला जातो, हे मात्र कोणी सांगत नाही.

पूर्वी रुग्णांना आधी कार्यशाळेत मेणबत्त्या, पाकिटे बनवायला शिकवत आणि मग नोकरीचे बघत. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला: आधी खुल्या बाजारातली, माणसाला हवी ती नोकरी, आणि नोकरी लागल्यावर तिथेच आधार. ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची सहा युरोपीय शहरांत ३१२ जणांवर चाचणी झाली. २००७ च्या निष्कर्षांनुसार या पद्धतीच्या गटात ५५ टक्के, तर नेहमीच्या प्रशिक्षणाच्या गटात २८ टक्के लोकांना काम मिळाले. भारतात सातारा, गोवा आणि तामिळनाडूत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत करण्याचा प्रयोग झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अपंगत्व थोडे कमी झाले; तामिळनाडूतील ग्रामीण भागात फायदा अधिक दिसला. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (सा) ही संस्था आधारगट चालवते. अशा गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत मराठीत रुळली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मानसिक आजार हा अपंगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून आहे. खासगी नोकरीत पेच वेगळाच असतो. आजार सांगितला तर मुलाखतीतच नकार येण्याची धास्ती, आणि न सांगितला तर रात्रपाळी बदलून मागायची कशाच्या आधारावर? आयपीएसमध्ये हा निर्णय त्या व्यक्तीवरच सोडतात; तिने नको म्हटले, तर समुपदेशक मालकाला भेटत नाही, पडद्याआडून तयारी करून घेतो.