जर-तर वाक्याचे दोन भाग : पार्श्वभूमी

‘जर’ने सुरू होणारा अटीचा भाग आणि ‘तर’ने सुरू होणारा फलाचा भाग, अशी संकेतार्थी वाक्याची फोड शालेय व्याकरणात केली जाते. या फोडीमागे व्याकरण आणि तर्कशास्त्र अशा दोन जुन्या परंपरा आहेत.

पाणिनीने या दोन भागांचे नाते ‘हेतुहेतुमतोर्लिङ्’ (३.३.१५६) या सूत्रात कारण आणि कार्य असे सांगितले. त्याहून मोलाचे, माझ्या मते, ‘लिङ्निमित्ते लृङ् क्रियातिपत्तौ’ (३.३.१३९) हे सूत्र होय, क्रिया घडलीच नाही असे सांगायचे असेल, तर वेगळा लकार (क्रियापदाच्या रूपांचा प्रकार), म्हणजे लृङ्, येतो. पाणिनीच्या सूत्रांवरील सातव्या शतकातील काशिकावृत्ती या टीकेत त्याचे उदाहरण आहे : ‘दक्षिणेन चेदायास्यन्न शकटं पर्याभविष्यत्’, म्हणजे तो दक्षिणेकडून आला असता तर गाडा उलटला नसता. येथे दोन्ही क्रियापदे लृङ्मध्ये आहेत. मराठीतही ‘आला असता’ आणि ‘उलटला नसता’ अशी दोन्ही भागांवर न घडल्याची खूण उमटते.

प्राचीन ग्रीसमध्ये हाच प्रश्न सत्यासत्याच्या अंगाने चर्चिला गेला. पूर्वभाग (अट) सत्य आणि उत्तरभाग (फल) असत्य असेल तेव्हाच वाक्य असत्य, असे मेगारा या तत्त्वज्ञान-पंथाच्या फिलोने मानले; त्याचा गुरू डायोडोरस क्रोनस याने तसे घडणे कधीही शक्य नसावे, अशी अधिक कडक अट घातली. १८७९ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने आपल्या तर्कलिपीत (तर्कासाठी रचलेल्या चिन्हभाषेत) फिलोचाच निकष घेतला. गणिताला तो पुरतो; भाषेला पुरत नाही, कारण पाणिनीला अभिप्रेत असलेले कार्यकारण त्यात उरत नाही.

मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे रुळलेल्या मांडणीत ‘जर-तर’ हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय ठरले, अटीचा भाग गौण आणि फलाचा भाग प्रधान मानला गेला. ही मांडणी उपयुक्त असली, तरी ‘तर’ फलाच्या भागात घालणे मला पटत नाही. ‘तू बोलावलेस तर मी येईन’ यात ‘जर’ नाही, तरी अर्थ पूर्ण आहे. आणि भागांचा क्रम उलटला की ‘मी येईन, तू बोलावलेस तर’ असे वाक्य होते, म्हणजे ‘तर’ अटीच्या भागाबरोबरच सरकतो. संस्कृतातील ‘चेत्’ही (वरच्या उदाहरणातील अटीचा शब्द) अटीच्याच भागात राहतो आणि वाक्याच्या आरंभी कधी येत नाही. म्हणून अशा वाक्यांत दोन भागांचा सांधा ‘तर’च्या आधी न मानता त्याच्यानंतर मानणे अधिक युक्त ठरते.