कुंडीतील रोझमेरीची जोपासना

रोझमेरी हे तुलसी कुलातील (लॅमिएसी) सदाहरित, सुगंधी झुडूप. मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातले. तिथल्या रखरखीत, खडकाळ उतारांवर ते रानोमाळ वाढते. ‘रोस मारिनस’ म्हणजे समुद्राचे दव, अशी लॅटिन नावाची फोड केली जाते. पूर्वी रोझमारिनस ऑफिसिनॅलिस म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती २०१७ मधील फेरवर्गीकरणानंतर साल्व्हिया रोझमारिनस झाली.

कुंडीतली रोझमेरी बहुतेक वेळा जाते ती जास्त पाण्याने. एखादे पान उलटून पाहिले की कारण कळते. पान सुईसारखे अरुंद, कडा खाली मुडपलेल्या आणि खालची बाजू पांढरट लवेने भरलेली. पर्णरंध्रे या लवेआड असल्याने पाण्याची वाफ कमी उडते. अशा झाडाची माती सतत ओली राहिली, की मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारख्या रोगकारकांमुळे मूळकूज सुरू होते. कुजलेले मूळ तपकिरी, लिबलिबीत होते. चिमटीत धरून ओढले तर साल हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. खरी फसगत पुढे आहे. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून शेंडे वाळतात, आणि झाड तहानलेले समजून आणखी पाणी घातले जाते.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नये. बोट दोन-तीन सेंमी खुपसावे, कुंडी उचलून पाहावी. माती कोरडी आणि कुंडी हलकी लागली तरच तळाच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे व बशीत साचलेले ओतून टाकावे. मात्र माती पार सुकू देणेही घातक. ताठ पानांमुळे रोझमेरी इतर झाडांसारखी चटकन मान टाकत नाही. सुकल्याचे दिसते तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

कुंडी भाजक्या मातीची उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. मातीत जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) सढळ हाताने मिसळावे. खत बेताचेच, जास्त नत्राने फांद्या लुसलुशीत होतात आणि वास उतरतो. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. घरातल्या कोंदट जागी पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) येते, तर कोरड्या उबदार हवेत लाल कोळी ही बारीक रसशोषक कीड.

छाटणी फुलोरा संपल्यावर करावी, पण हिरव्या भागापुरतीच. जुन्या, पाने नसलेल्या लाकडाला सहसा नवे धुमारे फुटत नाहीत, त्यामुळे तिथवर कापलेली फांदी बोडकीच राहते. बी उशिरा आणि विरळ उगवते. त्यापेक्षा कोवळ्या शेंड्याची सुमारे १० सेंमीची काडी, खालची पाने काढून ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचली, तर काही आठवड्यांत मुळे धरते. झाड जोमात असतानाच अशा दोन-चार काड्या लावून ठेवाव्यात. मूळकूज लागल्यावर जुने झाड क्वचितच वाचते.