आधी ब्रेक सुटू दे

ठाण्यातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर 'कंबर दुखते', 'अंगावरून पांढरं जातं' हे सर्रास दिसेल. 'संबंधांच्या वेळी दुखतं' हे फार कमी वेळा लिहिलेलं असतं. सोबत सासू बसलेली असताना बोलणार तरी कसं?

'मला इच्छाच होत नाही' ही तक्रारही अशीच दडपलेली. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीने 1966 साली शरीराच्या लैंगिक प्रतिसादाचे चार टप्पे मांडले. त्यात इच्छेला जागाच नव्हती. पुढे लैंगिक समस्यांवर उपचार करणाऱ्या हेलन कॅप्लन यांनी इच्छा सुरुवातीला आणून बसवली. कॅनडाच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली हा क्रम उलटाही असू शकतो असं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की बाईच्या मनात सुरुवातीला अनेकदा काहीच नसतं; जवळीक, स्पर्श, मग उत्तेजना आणि त्यानंतर इच्छा जागी होते. अशी बाई आजारी नाही.

लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्झी इन्स्टिट्यूटशी संबंधित संशोधकांनी याला इच्छा वाढवणारा अ‍ॅक्सिलरेटर आणि ती अडवणारा ब्रेक अशी भाषा दिली. सीएसएमटीहून उभ्याने लोकल करून ठाण्याला उतरायचं, कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये पोळ्या लाटायच्या, बाहेरच्या खोलीत सासूसासरे आणि मधल्या दाराची कडी करकरणारी. इथे अ‍ॅक्सिलरेटर धड असतो, पाय ब्रेकवर असतो. जोश वाढवणारी चूर्णं विकणाऱ्यांना ही कडी दिसत नाही.

शरीराची बाजूही समजून घ्यायला हवी. योनीच्या भिंतीत ओलावा तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. उत्तेजनेत तिथल्या रक्तवाहिन्या भरतात आणि रक्तातला द्रव भिंतीतून पाझरतो. अंगावर पाजणाऱ्या आईला कोरडेपणा जाणवतो, कारण तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी असतं. मधुमेहातही हा त्रास होऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते, परमोच्च सुख लांबतं. गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात. नुसत्या संभोगाने ते सुख न मिळणं हा तर आजारच नाही, कितीतरी जणींना शिश्निकेला (क्लिटोरिसला) स्पर्श लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज व्हजायनिस्मसबद्दल. आत काही जाणार म्हटलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळतात. ते तिच्या हातात नसतं, पण घरात ठरतं की 'मुलगी सहकार्य करत नाही'. काहीजण तर 'थोडी वाईन पाज' असा सल्ला देतात! उपचार साधे पण संथ असतात. डायलेटर म्हणजे गुळगुळीत नळ्यांचा सेट, पहिली सगळ्यात बारीक. जेली लावून, श्वास सावकाश सोडत, ती स्वतःच्या हाताने ती आत ठेवायला शिकते. घाई नाही, दुखलं की थांबायचं. जमलं की पुढची नळी. नवऱ्याचा नंबर बराच नंतर. पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे याच स्नायूंची फिजिओथेरपी आणि समुपदेशन सोबत असेल तर उत्तमच.

पाळी गेल्यावर अंगातून येणाऱ्या वाफा बहुतेकींच्या कालांतराने ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास बहुधा वाढतच जातो. जळजळ, वारंवार लघवी, संबंधांत दुखणं हे सगळं त्याच घरचं. कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम योनीत लावून चांगला फरक पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारावं. संबंधांच्या वेळेपुरती मेडिकलमधली पाण्याची जेली चालते. आपल्याकडे हाताशी खोबरेल असतं, पण लेटेक्सचा कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटू शकतो.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या निकषांनुसार, त्रास साधारण सहा महिने टिकला आणि त्याने ती स्वतः अस्वस्थ झाली, तरच त्याला विकार म्हणायचं. नवरा नाराज आहे, एवढ्यावर तिला पेशंट ठरवता येत नाही.

संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग दिसला, तर मात्र सहा महिने थांबायचं नाही. लगेच तपासून घ्यायचं.