भिंतीवरचा 'विषारी' पतंग

पावसाळ्यात कोकणात भिंतीवर वीतभर रुंदीचा ॲटलास पतंग दिसला की मेसेज फिरतो: 'सापाच्या तोंडाचा विषारी पतंग, दिसताच मारा.' कृपा करून मारू नका. त्याला विष नाही आणि तो चावूही शकत नाही, कारण खाण्यापुरतंही तोंड त्याला नसतं. पंखाच्या टोकाचा तो पिवळसर बाक आणि काळा ठिपका, एवढाच काय तो 'साप'!

दालचिनी-पेरूची पानं खाऊन अळीने साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडी जमायची, अंडी घालायची. दिवसा निपचित बसतो म्हणून साखरपाणीही ठेवू नका, त्याला ते पिता येत नाही. फक्त जवळचा दिवा मालवा, म्हणजे रात्री तो आपल्या वाटेने जाईल.