अमेरिकेतील यादवी युद्धाआधीची दुफळी

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) केंद्र सरकारविरुद्ध दक्षिणेकडील राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे आजही आवर्जून सांगितले जाते. मात्र त्याआधीचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे टिकत नाही.

१७८७च्या राज्यघटनेतच तडजोड होती: प्रतिनिधी ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजायची. त्यामुळे ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, त्यांच्या संख्येवर दक्षिणेचे संसदेतील बळ वाढले. १७९३मध्ये एलाय व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले आणि कापूस भरघोस नफ्याचे पीक ठरले. १७९०मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६०पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. उत्तरेकडील राज्यांनी मात्र टप्प्याटप्प्याने गुलामगिरी बंद केली होती.

पश्चिमेकडे नवी राज्ये होऊ लागली, तसा त्यांत गुलामगिरी असावी की नसावी, हा वाद पेटला. १८२०च्या मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाची सीमा आखली: पश्चिमेकडील प्रदेशात तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको. १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती मोडून निर्णय तेथील रहिवाशांवर सोडला आणि कॅन्ससमध्ये रक्तपात झाला.

राज्यांच्या हक्कांच्या दाव्याची खरी कसोटी लागली ती १८५०च्या फरारी गुलाम कायद्यात, म्हणजे उत्तरेत पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याच्या केंद्राच्या कायद्यात. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती आणि ज्यूरीसमोर सुनावणीही मिळत नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला त्याला मालकाच्या स्वाधीन केल्यास दहा डॉलर, तर सोडून दिल्यास पाच डॉलर मिळत. जून १८५४मध्ये अँथनी बर्न्स या फरारी गुलाम तरुणाला परत पाठवण्यासाठी बॉस्टनच्या रस्त्यांवरून सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेले, तेव्हा हजारो नागरिक निषेधासाठी दुतर्फा उभे होते आणि इमारतींवर काळे कापड टांगलेले होते. तोवर या प्रश्नाकडे काणाडोळा करणाऱ्या अनेक उत्तरेकडील लोकांना गुलामगिरी आपल्या दारात आल्याचे त्या दिवशी दिसले. पुढे उत्तरेतील अनेक राज्यांनी या कायद्याला अडथळा आणणारे स्वतःचे कायदे केले, म्हणजेच राज्य म्हणून आपला हक्क बजावला. तेव्हा त्यांच्याविरुद्ध केंद्राचे बळ वापरावे, असा आग्रह दक्षिणेनेच धरला. १८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्वच नाकारले, त्याने ही दरी आणखी रुंदावली.

गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध असणारे लिंकन नोव्हेंबर १८६०मध्ये निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. त्या राज्याच्या जाहीरनाम्यातील मुख्य तक्रारच अशी, की उत्तरेतील राज्ये फरारी गुलाम परत करत नाहीत. मार्च १८६१मध्ये फुटीर राज्यांनी स्वीकारलेल्या घटनेने मालकांना आपल्या गुलामांसह कोणत्याही राज्यात जाण्याचा आणि तेथे राहण्याचा हक्क दिला. तो नाकारण्याची मुभा त्या घटनेने कोणत्याही राज्याला ठेवली नाही.